बंद दुकानवाल्यांनाही एक खुर्ची ठेवा

प्रति,
फ्रँचायझी संमेलनं आणि यशस्वी उद्योजकांचे गौरव सोहळे भरवणारे आयोजक, परीक्षक व प्रायोजक

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्यापैकी एकांचं निमंत्रण व्हॉट्सॲपवर आलं. काळ्या पाटीवर सोनेरी अक्षरं, खाली विमानतळाजवळच्या हॉटेलचं नाव आणि वर मागच्या सोहळ्यांतल्या फोटोंची पट्टी. त्या पट्टीत डावीकडून तिसरी, मोरपंखी पैठणी नेसून काचेची ट्रॉफी छातीशी धरलेली आणि गरजेपेक्षा जास्त हसणारी बाई म्हणजे मी. शेजारी उसन्या कोटात अवघडलेले आमचे हे. ती ट्रॉफी ज्या चहाच्या दुकानासाठी मिळाली, तिथे आता मोबाइलची कव्हरं आणि टेम्पर्ड ग्लास मिळतात.

दुकान कुठल्या ब्रँडचं होतं ते लिहीत नाही. करारात तोंड बंद ठेवायची अट आहे हे एक, आणि हे पत्र त्यांना नसून तुम्हाला आहे हे दुसरं. त्यांचा माल त्यांनी विकला. त्या मालावर शिक्का तुमचा होता.

ह्यांनी २०२१ च्या अखेरीस नाशिकमधल्या सातपूरच्या कारखान्यातून व्हीआरएस घेतली. वय बावन्न. हात रिकामे बसायची सवय नाही, आणि एफडीला तेव्हा पाच-साडेपाच टक्के मिळत होते. ब्रँडचं नाव वापरायची फ्रँचायझी फी सहा लाख, अकरा लाख सेटअप, दोन लाख गाळ्याचं डिपॉझिट अशी सगळी पुंजी गोळा करून २०२२ च्या गुढीपाडव्याला आम्ही इंदिरानगरला दुकान उघडलं. पहिला कप देवासमोर ठेवला, दुसरा वॉचमनला दिला. पहिले पंधरा दिवस नातेवाईकांचीच गर्दी. त्या गर्दीवर विश्वास ठेवायचा नसतो हे तेव्हा कळत नव्हतं.

सप्टेंबरात कंपनीतून फोन आला. "मॅडम, तुमचं आउटलेट यशोगाथा म्हणून निवडलं गेलंय." दुकान पाच महिन्यांचं. त्या दिवशी चारशे कप गेले होते आणि ब्रोशरमध्ये सहाशे लिहिलेले होते. मी ह्यांना म्हटलं, यात यश कुठलं? हे म्हणाले, त्यांनी सगळ्या दुकानांचा हिशेब बघूनच निवडलं असेल, आपल्यालाच धंदा कळत नसेल. एवढ्या मोठ्या लोकांनी आपल्याला यशस्वी म्हटलंय म्हटल्यावर आपलीच वही चुकत असणार, असं दोघांनाही वाटलं. पुरस्कार मिळण्याचा आमच्यावर झालेला पहिला परिणाम हा. पुढचे तीन महिने आम्ही वहीकडे संशयाने बघत होतो.

प्रवेशिका माणशी पाच हजार अधिक अठरा टक्के जीएसटी. दोघांचे ११,८०० रुपये आम्हीच भरले. सत्कारमूर्तींनी आपल्या सत्काराचं तिकीट काढायचं असतं हे मला नवीन होतं. पहाटे उठून पंचवटी एक्सप्रेस धरली, दादरला उतरलो, टॅक्सीने हॉटेल गाठलं. रेस्टरूममध्ये पैठणी बदलली.

हॉलमध्ये एक लांब टेबल होतं. त्यावर ट्रॉफ्या ओळीने मांडलेल्या आणि प्रत्येकीच्या तळाशी नंबराचं स्टिकर. एक मुलगी यादी घेऊन उभी. नाव पुकारलं की नंबर बघायचा, ट्रॉफी द्यायची, ढोल वाजायचा, पुढचं नाव. बावीस मिनिटांत सतरा पुरस्कार झाले. मोजायचं कारण म्हणजे आमचा सतरावा होता. परीक्षक मंडळ म्हणून ज्यांची नावं पडद्यावर होती, त्यांच्यापैकी कुणीही आमचं दुकान पाहिलेलं नव्हतं, वही मागितलेली नव्हती, चहा प्यायलेला नव्हता. आमच्याशी जो एकमेव माणूस बोलला तो फोटोग्राफर. "ट्रॉफी जरा वर घ्या मॅडम, लोगो दिसू द्या." लोगो तुमचा होता.

मागच्या भिंतीएवढ्या पडद्यावर प्रायोजकांची नावं होती. मुख्य, सह, सुवर्ण, रौप्य. जेवायला उठेपर्यंत माझ्या लक्षात आलं की पडद्यावर जी नावं आहेत तीच एकामागोमाग एक स्टेजवर येऊन गेली. लग्नात आहेर करणाऱ्यालाच नारळ मिळतो, त्यातलाच प्रकार. फक्त लग्नात त्याला कुणी परीक्षकांचा निर्णय म्हणत नाही.

त्या दिवशी ऐकलेलं एकच खरं वाक्य मला जेवणाच्या रांगेत मिळालं. पनीर माखनीच्या भांड्यापाशी माझ्यापुढे एक गृहस्थ उभे होते. कोल्हापूरचे. नवरा-बायको मिळून एका ब्रँडची बालवाडी चालवतात. माझ्या हातातली ट्रॉफी बघून म्हणाले, "अभिनंदन वहिनी. किती वर्षं झाली?" म्हटलं, पाच महिने. त्यांनी डाव खाली ठेवला. "मग बक्षीस कशाचं? उघडल्याचं?" मग जरा ओशाळून म्हणाले, "राग मानू नका. आमची नऊ वर्षं झाली. दोन वर्षं कोरोनात शाळा बंद, तरी बायांचे पगार थकवले नाहीत. पण मला कुणी वर बोलवत नाही. मी दुसरी शाखा घेत नाही ना!" आणि पुढे सरकता सरकता म्हणाले, "कंपनीला किती दुकानं उघडली ते विचारायचं नसतं. किती मिटली ते विचारायचं, आणि मिटली त्यांचे फोन नंबर मागायचे. नंबर देतात का बघायचं. बास."

पैसे भरायच्या आधी हे आम्हाला सांगणारं कुणी नव्हतं. आणि एवढा जाणता माणूस रांगेत उभा असताना स्टेजवर वक्ते रे क्रॉकची गोष्ट सांगत होते.

ती गोष्ट तुमच्या प्रत्येक सोहळ्यात सांगतात, असं मला नंतर कळलं. बावन्न वर्षांचा सेल्समन, मिल्कशेकची यंत्रं विकता विकता मॅकडोनल्ड भावांच्या दुकानात पोहोचतो, १९५५ मध्ये इलिनॉयमधल्या डेस प्लेन्सला आपलं पहिलं दुकान काढतो आणि जग जिंकतो. बावन्न म्हटल्यावर ह्यांनी माझ्याकडे बघितलं होतं. घरी आल्यावर मी मुलीकडून पुढचं शोधून घेतलं. क्रॉक दुकान घेणाऱ्याकडून सुरुवातीला फी घ्यायचा ९५० डॉलर, आणि नंतर विक्रीवर १.९ टक्के. त्यातला अर्धा टक्का त्या दोन भावांना. म्हणजे दुकान देण्यात त्याला फारसं मिळतच नव्हतं. दुकान चाललं, बर्गर खपले, तरच त्याच्या गल्ल्यात काही पडणार. या हिशेबात त्याचीही ओढाताण झाली आणि मग कंपनी जागेच्या भाड्याकडे वळली, तो भाग वेगळा. पण गोष्टीतला हा तुकडा त्या दिवशीच्या भाषणात नव्हता. आमच्या कंपनीला आमच्याकडून पहिल्याच दिवशी सहा लाख मिळाले. सेटअप त्यांच्याच माणसाकडून करून घ्यायचा होता, त्यात काय मिळालं ते त्यांना ठाऊक. चहा विकून वर्षभरात रॉयल्टी, म्हणजे आमच्या विक्रीतला त्यांचा वाटा, मिळणार लाखभर. मग त्यांनी चहाकडे लक्ष द्यावं की पुढच्या गिऱ्हाइकाकडे?

आता वहीबद्दल लिहिते, कारण तुमच्या परीक्षकांनी ती पाहिली नाही. चारशे कप, बारा रुपयांनी. खारी, क्रीमरोल, बनमस्का मिळून दिवसाची विक्री सहा हजार. महिन्याला १,८०,०००. ऐकायला बरं वाटतं. दूध रोज अठ्ठावीस लिटर, त्याचेच ४७ हजार. चहा-मसाल्याचं मिश्रण कंपनीकडूनच घ्यायचं, बाजारात निम्म्याने मिळत असलं तरी. ते १९ हजार. गाळ्याचं भाडं ३८ हजार, दोन मुलांचे पगार २८ हजार, खारी-बिस्किटांची खरेदी २७ हजार. गॅस, कप, साखर, वीज. मग रॉयल्टी पाच टक्के म्हणजे ९,००० आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी, १,६२०.

या १,६२० वर जरा थांबते. चहाचं दुकान सरकारच्या लेखी रेस्टॉरंट. रेस्टॉरंटला नोव्हेंबर २०१७ पासून पाच टक्के जीएसटी आहे, पण भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. कपड्याच्या किंवा चष्म्याच्या फ्रँचायझीवाल्याला रॉयल्टीवरचा कर पुढे वळता करता येतो, आम्हाला नाही. म्हणजे पाच टक्के रॉयल्टी ही खरी ५.९ टक्के. सेटअपवर भरलेल्या अठरा टक्क्यांचंही तसंच, तो पैसा गेलाच. हे कुठल्या ब्रोशरमध्ये छापत नाहीत, आणि दिवसभराच्या तुमच्या सहा चर्चासत्रांत एकाही वक्त्याने काढलं नाही. "भारतीय चहाचं जागतिक भवितव्य" यावर मात्र पाऊण तास झाला.

सगळं वजा जाता महिन्याला पंचवीस-तीस हजारांची खोट. त्यात आम्हा दोघांच्या कामाचा एक रुपया धरलेला नाही. हे सकाळी साडेपाचला शटर उघडायचे, मी रात्री दहाला पातेली घासून घ्यायचे. पुण्यातली जुनी अमृततुल्यं बघा. लहानसा गाळा, पितळी पातेलं, आणि ते ढवळायला मालक स्वतः किंवा त्याचा भाऊ. तिथे रॉयल्टी नव्हती, लाकडी जाळीचं छत नव्हतं, कोपऱ्यात सेल्फीची भिंत नव्हती. चहाच्या कपाला पेलवेल एवढाच खर्च होता. आम्ही कपाच्या डोक्यावर १७ लाख ठेवले होते.

अकराव्या महिन्यात आमच्यापासून सातशे मीटरवर, पाथर्डी फाट्याकडे जाताना, त्याच ब्रँडचं दुसरं दुकान उघडलं. करारात आमची हद्द पाचशे मीटर लिहिलेली होती, त्यामुळे बोलायला जागा नव्हती. आमचे शंभर-सव्वाशे कप तिकडे गेले. आणि त्या वर्षी कंपनीला तुमच्यापैकीच कुणाकडून पुरस्कार मिळाला. कशाचा? सर्वात वेगाने वाढणाऱ्या ब्रँडचा. आमच्या कपांतून वाढलेला तो वेग होता.

२०२३ ची दिवाळी करून दुकान मिटलं. भाडेकराराचा लॉक-इन, म्हणजे गाळा न सोडण्याची मुदत, शिल्लक, म्हणून डिपॉझिट बुडालं. फी परत न करण्याची अट होतीच. बोर्डाची लोखंडी फ्रेम भंगारवाल्याने किलोवर घेतली आणि जाळीच्या छताकडे बघून म्हणाला, "हे न्यायचं तर तुम्हीच मला काहीतरी द्या." चहाचा मार तेवढा आम्हाला बसला, असं म्हणून मी विसरायला लागले होते. ह्यांनी अंबडला एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये काम धरलं होतं. मग परभणीहून फोन आला.

बाई माझ्याच वयाच्या असाव्यात. नंबर कुठून मिळवला माहीत नाही. "ताई, तुम्ही त्या फोटोतल्या ना? आमच्या ह्यांना मी तुमचा फोटो दाखवून तयार केलं. म्हटलं, आपल्यासारखीच माणसं दिसतात, आपल्याला का नाही जमणार?" त्यांनी शेतीचा तुकडा विकून दुकान घेतलं होतं. तिसरा महिना चालू होता आणि दिवसाला दीडशे कप जात होते. त्यांना विचारायचं होतं की मी कसं केलं, काही युक्ती असेल तर सांगा.

मी सांगितलं की आमचं दुकान बंद झालंय. पलीकडे बराच वेळ काही आवाज नव्हता. मग म्हणाल्या, "मग फोटो का काढला हो?"

त्यांच्यानंतर आणखी दोघांचे फोन आले. कंपनीने आमचा फोटो ब्रोशरच्या तिसऱ्या पानावर घातला होता, तुमच्या ट्रॉफीसकट. खाली "पुरस्कारप्राप्त दाम्पत्य". तुम्हाला वाटतं तुम्ही आमचा सन्मान केला. प्रत्यक्षात सापळ्यात पाखरू बांधून ठेवतात, म्हणजे ओरडा ऐकून बाकीची उतरतात, तसं आम्हाला बांधलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, फसवणूक झाली असेल तर कायदा आहे. आहे ना, १८७२ चा कराराचा कायदा आहे. फ्रँचायझीसाठी असा वेगळा कायदा आपल्या देशात नाही. आमच्या करारात दुकान सोडल्यावर दोन वर्षं चहाचा धंदा करायचा नाही अशी अट आहे. वकील म्हणाले, धंद्याला बंदी घालणारा करार रद्द ठरवणाऱ्या कलम २७ पुढे ती टिकायची नाही, करार चालू असतानाची अट वेगळी आणि संपल्यावरची वेगळी. पण करारानुसार भांडण सोडवायचा लवाद दिल्लीत. नाशिकच्या चहावाल्याने दिल्लीत जाऊन लवाद चालवायचा! ज्यांच्याकडे पैसा आणि वकील दोन्ही होते त्यांचं काय झालं ते सर्वांनी पाहिलंय. मॅकडोनल्ड्सचे उत्तर भारतातले भागीदार विक्रम बक्षी यांना २०१३ मध्ये व्यवस्थापकीय संचालकपदावरून दूर केलं गेलं, २०१७ मध्ये कंपनी न्यायाधिकरणाने त्यांना परत बसवलं, पुढच्याच महिन्यात मॅकडोनल्ड्सने १६९ दुकानांचा परवानाच रद्द केला आणि तडजोड झाली ती २०१९ ला. त्यात बाजू कोणाची खरी ते मला ठरवायचं नाही. सहा वर्षं लागली, एवढंच मी वाचलं आणि फाइल कपाटात ठेवली.

तुमच्या सोहळ्यांत ज्या अमेरिकेचे दाखले उठताबसता दिले जातात, तिथे १९७९ पासून नियम आहे. फ्रँचायझी विकणाऱ्याने पैसे घेण्याच्या किंवा सही करून घेण्याच्या निदान चौदा दिवस आधी गिऱ्हाइकाच्या हातात माहितीचं बाड द्यायचं. त्यात कंपनीवरचे खटले असतात, गेल्या तीन वर्षांत किती दुकानं उघडली, किती बंद झाली, किती हस्तांतरित झाली याचे तक्ते असतात आणि गेल्या वर्षी जे सोडून गेले त्यांची नावं व संपर्कही असतात. कोल्हापूरचे गृहस्थ जे मागायला सांगत होते, ते तिथे मागावं लागत नाही. मलेशियानेही १९९८ मध्ये स्वतंत्र कायदा केला. आपल्याकडे होईल तेव्हा होईल. पण तुम्हाला कायद्याची वाट बघायची गरज नाही. पुरस्काराचा अर्ज तुमचा, नियम तुमचे. त्या अर्जात "एकूण शाखा" असा रकाना आहे, मी पाहिलाय. त्याच्या शेजारी "बंद झालेल्या शाखा" असा एक रकाना काढायला किती शाई लागते?

मला फ्रँचायझीचा तिटकारा आलेला नाही, हेही लिहून ठेवते. आमच्या नात्यातच एमएस-सीआयटीचं केंद्र आहे, वीस वर्षांच्या घरात चाललंय. गल्लीच्या तोंडाशी केकचं दुकान आहे, मुलीच्या पहिल्या वाढदिवसाचा केक तिथला आणि विसाव्याचाही तिथलाच. धीरज गुप्तांनी २००१ मध्ये मालाडला वडापावचं दुकान काढलं, त्याचा जम्बोकिंग झाला, आजही स्टेशनाबाहेर लोक रांगेत उभे असतात. वडापाव ब्रँडचा असू शकतो हे मराठी माणसाला पचायला जड गेलं, पण पचलं. दुसऱ्याच्या नावाखाली आपण राबायचं, त्यात दोघांचं भलं होऊ शकतं. त्याला दुकान टिकावं लागतं.

म्हणून मागणं एवढंच आहे. तीन वर्षं पुरी न झालेल्या दुकानाला स्टेजवर बोलवू नका. कितीही चांगलं चालत असलं तरी नको, त्याला नंतर बोलवा, ते कुठे पळून जात नाही. ब्रँडला पुरस्कार द्यायचा तर तीन वर्षांपूर्वी त्याने विकलेल्या दुकानांपैकी किती आज सुरू आहेत तो आकडा स्टेजवरच मोठ्याने वाचा, ढोलाच्या आधी. परीक्षक नेमता तर त्यांना एकदा न सांगता दुकानात पाठवा, दुपारी तीनला, गर्दीच्या वेळी नव्हे. ज्याच्याकडून प्रायोजकत्व घेतलं त्याला त्या वर्षी बक्षीस नको. हे शेवटचं तुम्हाला जमायचं नाही याची मला कल्पना आहे, हॉटेलचं बिल कोण भरणार? मग निदान ट्रॉफीवर तसं लिहा.

आणि एका चर्चासत्राला आमच्यासारख्या बंद दुकानवाल्यांना बोलवा. एक खुर्ची पुरे. मी स्वतःच्या खर्चाने येईन, पंचवटीने. वही घेऊन येईन. हॉलमध्ये जे व्हीआरएसवाले बसलेले असतात, खिशात चेकबुक घेऊन, त्यांना फक्त दुधाचं पान वाचून दाखवीन.

फोटोच्या पट्टीतून आमचा फोटो आजच काढा. यासाठी वेगळा अर्ज करायचा असेल तर कळवा.

ट्रॉफी कुरिअरने पाठवली आहे, नीट कागदात गुंडाळून. तळाशी नावाची जी पितळी रंगाची पट्टी आहे ती दोन्हीकडून चिकटणाऱ्या टेपने लावलेली आहे, नखाने निघते. आमची मी काढून ठेवली आहे. जागा रिकामी आहे. कोल्हापूरला एक बालवाडी आहे, आता बारा वर्षं होत असतील.

आपली,
एक माजी फ्रँचायझीधारक
इंदिरानगर, नाशिक